तळीयेच्या वाटेवर, सोबतीने

महाडहून पूर्वेकडे कोणत्याही रस्त्याने निघालात तरी थोड्याच वेळात समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते. सावित्री आणि गांधारीच्या काठचे हे गाव समुद्रसपाटीपासून फारसे उंच नाही. एकेकाळी खाडीतून इथवर व्यापारी गलबते येत. त्यामुळे इथून घाटमाथ्यावर जायचे म्हणजे जवळजवळ शून्यापासून सुरुवात करायची. वरंध घाटाने भोरला जा, पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जा, नाहीतर पाचाडमार्गे रायगडाच्या पायथ्याला जा, चढ चुकत नाही. पोलादपूर ते महाबळेश्वर या सुमारे चाळीस किलोमीटरच्या रस्त्यावर माणूस बाराशे मीटरहून अधिक उंची चढतो. सपाट प्रदेशातले सायकलस्वार अशा चढांसाठी गाडीत सायकली घालून इकडे येतात. आम्हां महाडकरांना तो घरच्या दारात मिळतो. हे भाग्य की शिक्षा, ते त्या त्या दिवशीच्या गुडघ्यांवर ठरते.

आम्ही पाच जण गेली सहा वर्षे रविवारी पहाटे एकत्र सायकल चालवतो. एक माध्यमिक शाळेतले शिक्षक, एक औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पाळी सांभाळणारे, एक औषधविक्रेता (आमच्यातला तरुण, म्हणजे वय ४३), एक बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी आणि दवाखाना चालवणारा मी, वय ५५. या वर्षी जानेवारीतली ३०० किलोमीटरची ब्रेवे करायची असे आम्ही दिवाळीतच ठरवले होते. ब्रेवे ही शर्यत नव्हे. पहिला, दुसरा असा क्रमांक तिच्यात नसतो. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत, अशी मुदत असते. वाटेतल्या ठरलेल्या ठाण्यांवर कार्डावर शिक्का घ्यायचा आणि मुदतीत परत यायचे. रात्रीसाठी दिवे आणि चमकणारे जाकीट सक्तीचे. या प्रकाराचे मूळ फ्रान्समध्ये आहे. पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत, असे सुमारे १२०० किलोमीटरचे अंतर सायकलने कापण्याची परंपरा तिथे १८९१ पासून आहे. आपल्याकडेही या छंदाने चांगले मूळ धरले आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिकेचा पश्चिम किनारा ते पूर्व किनारा ही जवळपास ४८०० किलोमीटरची सायकल शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली, तर नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ती एकट्याने पार केली. तिघेही डॉक्टर, हे सांगताना व्यवसायबंधू म्हणून थोडा अभिमान वाटतो. आमची मजल मात्र तीनशेच्या पुढे नाही.

वाचकांपैकी अनेकांच्या मनात या वयोगटाबद्दल जो प्रश्न येईल, तो आमच्यातल्या ज्येष्ठ सदस्याच्या बाबतीत खराच होता. बँकेतले हे अधिकारी, ज्यांना आम्ही अजून ‘साहेब’ म्हणतो, ६२ वर्षांचे आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट घातला. हृदयरोगतज्ज्ञांची संमती होती, पट्ट्यावर चालण्याची तपासणी व्यवस्थित आली होती, वजन अकरा किलोंनी उतरले होते. तरीही वहिनींनी मला एकदा दवाखान्यात गाठून विचारले होते, “तुम्ही सोबत आहात म्हणून मी सोडते. तुम्ही नसतात तर सोडू का?” या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देण्याऐवजी मी तीन अटी घातल्या. सरावात पाठीमागून एक चारचाकी असेल. साहेबांच्या खिशात जिभेखाली ठेवायची गोळी असेल आणि ती कुठल्या खिशात आहे हे आम्हां पाचही जणांना ठाऊक असेल. आणि चढावर कुणीही गप्प बसणार नाही.

ही तिसरी अट विनोदी वाटते, पण वैद्यकीयदृष्ट्या ती सर्वांत महत्त्वाची. व्यायाम करताना नाडी मोजावी असे सगळे सांगतात. पण हृदयरोगाच्या किंवा रक्तदाबाच्या कित्येक रुग्णांना मेटोप्रोलॉलसारखी औषधे चालू असतात, आणि ती नाडी वाढूच देत नाहीत. मनगटावरचे घड्याळ शंभर दाखवत असते आणि हृदय मात्र आपल्या कुवतीच्या टोकाला पोचलेले असते. अशा वेळी घड्याळापेक्षा जीभ खरी. चालताना, जिना चढताना, सायकल चालवताना पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर श्रम झेपणारे आहेत. वाक्याचे तुकडे पडू लागले तर वेग कमी करायचा. बोलणेच थांबले तर आपणही थांबायचे. घरातल्या वडीलधाऱ्यांना फिरायला नेणाऱ्यांनी एवढे जरी ध्यानात ठेवले तरी पुरे. सोबत चालताना त्यांना काहीतरी विचारत राहावे आणि उत्तरातल्या माहितीपेक्षा त्या उत्तराच्या लांबीकडे लक्ष द्यावे.

डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही चवदार तळ्यापाशी जमलो. थंडी आमच्या मानाने बरीच होती. बिरवाडीकडे जाताना रात्रपाळी संपवून येणारे कामगार मोटारसायकलींवर भेटत होते, तोंडाला मफलर गुंडाळलेले. वसाहतीचा तो परिचित उग्र वास मागे पडला आणि शेते सुरू झाली. भात झोडून झाले होते. खळ्यांच्या कडेला पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या होत्या आणि रिकाम्या झालेल्या खाचरांत वाल वर आला होता. नदीवर धुके पसरले होते. सपाटीवर आम्ही एकामागे एक, जवळजवळ चाललो होतो. पुढचा सायकलस्वार वारा अंगावर घेतो आणि मागच्यांचे श्रम बरेच वाचतात. म्हणून पुढची जागा दर काही मिनिटांनी बदलायची. साहेबांना आम्ही पुढे जाऊ देत नव्हतो आणि त्यांना ते मुळीच आवडत नव्हते. “अरे, मी काय पाहुणा आहे का?” असे त्यांनी दोनदा विचारले. पूर्ण वाक्यात विचारले, म्हणून मला बरे वाटले.

वरंधच्या बाजूला आल्यावर भोरकडे जाणारा मुख्य रस्ता सोडून आम्ही तळीयेकडे वळलो. हा आमच्या सरावाच्या आखणीतलाच भाग होता. घाटाच्या सलग चढाआधी अंगात ऊब यावी, एवढे कारण त्यासाठी पुरेसे होते. पण माझ्यासाठी दुसरेही होते. डोंगराच्या कुशीतले हे गाव २२ जुलै २०२१ नंतर साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. त्या दिवशी सायंकाळच्या सुमारास तळीयेच्या कोंढाळकर वाडीवर डोंगराचा उतार खाली आला. तीसहून अधिक घरे गाडली गेली, ऐंशीहून अधिक माणसे गेली. काही दिवसांनी शोधकार्य थांबवावे लागले आणि जे हाती लागले नाहीत त्यांना मृत घोषित करण्यात आले. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही दरडी कोसळल्या. महाबळेश्वरला त्या चोवीस तासांत जवळपास ६०० मिलीमीटर पाऊस नोंदला गेला होता. आमच्या तालुक्याला हे अगदीच नवे नव्हते. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांनी असाच आघात सोसला होता.

सह्याद्रीचा कातळ कठीण असला तरी त्याच्यावरचा थर तसा नाही. वर्षानुवर्षे झिजून झालेली माती आणि सुटे दगड तीव्र उतारावर कातळाला चिकटून असतात. अतिवृष्टीत पाणी त्या थरात मुरत जाते, थर जड होतो, आणि खालच्या कातळाशी असलेली त्याची पकड सुटते. मग तो सगळाच्या सगळा घसरतो, काही क्षणांत. अशा क्षणी कुणाचेही पाय, कितीही बळकट असले तरी, उपयोगी पडत नाहीत. तळीयेत गेलेल्यांत धडधाकट तरुणही होते. हे आधीच स्पष्ट सांगतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्याचा अर्थ कुणी भलता लावू नये.

वाचलेल्यांनी काही काळ कंटेनरच्या तात्पुरत्या घरांत काढला. पुढे पक्क्या घरांचे काम म्हाडाकडे देण्यात आले, आणि त्या कामाला किती वेळ लागला याची चर्चा वर्तमानपत्रांतून वाचकांनी वाचली असेल. मला सांगायचे आहे ते त्या पहिल्या आठवड्याबद्दल. तेव्हा महाड शहरही पुरात बुडाले होते. माझ्या दवाखान्यात छातीएवढे पाणी शिरले होते आणि ओसरताना गुडघाभर चिखल ठेवून गेले. रस्ता मोकळा होताच आसपासच्या वाड्यांतून माणसे येऊ लागली. त्यांत जखमी थोडे. बहुतेक वृद्ध होते आणि त्यांची मागणी एकच: गोळ्या वाहून गेल्या, त्याच द्या. कोणत्या? “ती बारकी पांढरी.” “सकाळची गुलाबी.” “झाकणाला निळा रंग असलेली.” रक्तदाबाची, मधुमेहाची, फिटची, रक्त पातळ ठेवण्याची, किती औषधे बारकी आणि पांढरी असतात हे वाचकांना ठाऊक आहेच. चिठ्ठी पाण्यात गेलेली, मुलगा मुंबईला, त्याला फोन लागत नाही. एका बाईंची इन्सुलिनची बाटली पाच दिवस चुलीजवळच्या फळीवर होती. औषधविक्रेता मित्र आणि मी त्या दिवसांत औषधे दिली त्याहून जास्त वेळ औषधे ओळखण्यात घालवला.

म्हणून तेव्हापासून माझ्या प्रत्येक वृद्ध रुग्णाच्या चिठ्ठीचा फोटो मी तीन ठिकाणी ठेवायला सांगतो: मुंबई-पुण्यातल्या मुलाच्या फोनमध्ये, शेजाऱ्याच्या फोनमध्ये, आणि कागदाची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत, सात दिवसांच्या गोळ्यांसह, दाराजवळच्या खुंटीला. चष्मा, कवळी आणि कानयंत्राची बॅटरी त्याच पिशवीत. पावसाळाभर ती पिशवी तिथून हलवायची नाही, गोळ्यांची तारीख तेवढी पाहत राहायची. शहरातल्या वाचकांना हे फक्त डोंगराळ भागापुरते वाटेल. पण मध्यरात्री आईला रुग्णालयात न्यावे लागते तेव्हा हीच पिशवी हवी असते, आणि ती बहुधा नसते.

तळीयेत आम्ही सायकलवरून उतरून हळू चालत गेलो. अशा ठिकाणी रंगीबेरंगी जाकिटे घालून सायकलवर मिरवणे बरे दिसत नाही. शिक्षकमित्राने डोक्यावरचे हेल्मेट काढून हातात घेतले होते. कुणी काही बोलले नाही आणि तिथे मी कुणाच्या बोलण्याची लांबीही मोजली नाही. डोंगराकडे पाहिले, पाणी प्यालो, परत फिरलो.

परतीच्या वाटेवर एका वाडीपाशी चढावरून एक आजी डोक्यावर फाट्यांची मोळी घेऊन उतरत होत्या. वय सत्तरीच्या पुढचे असावे. मोळी कमीत कमी पंधरा किलोंची. “कुठं निघालाव एवढ्या सकाळचं?” त्यांनी विचारले. घाट चढून परत येणार असे सांगितल्यावर त्यांनी मोळी न उतरवताच विचारले, “आणि वर काय हाय?” काहीच नाही, नुसते जाऊन येणार, हे ऐकून त्या हसल्या आणि आम्हांला चहाला घेऊन गेल्या. अंगणात शेणाने सारवलेल्या जमिनीवर त्या उकिडव्या बसल्या आणि हाताचा टेकू न घेता उठल्या. असे उठणे माझ्या महाडातल्या साठीच्या रुग्णांपैकी निम्म्यांना जमत नाही.

ओसरीवर मात्र त्यांचे यजमान बाजेवर होते. ऐंशीच्या आसपासचे. गुडघे दुखतात म्हणून दोन वर्षांपूर्वी बसले ते बसलेच. मुंबईच्या मुलाने प्रेमापोटी सांगून ठेवले होते, बाबांना उठवू नका, सगळे हातात द्या. आणि सुनेने ते इमानाने पाळले होते. मांड्या हातात मावतील एवढ्या बारीक झाल्या होत्या. आजींनी सांगितले की गेल्या पावसाळ्यात मोठा पाऊस लागला तेव्हा तलाठी आणि पोलीसपाटील येऊन वाडीला शाळेत हलायला सांगून गेले. सगळे गेले, हे गेले नाहीत. दोन रात्री आजीही त्यांच्यापाशी घरातच राहिल्या. “म्हातारा हट्टी,” एवढेच त्या म्हणाल्या. मी बाबांशेजारी बसून, गुडघे तपासण्याच्या निमित्ताने, हळूच विचारले. बराच वेळ ते डोंगराकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “रातीला चारदा उठाय लागतं. शाळेत येवढ्या बायामाणसांत कुठं जाऊ?”

तर हट्ट नव्हता. रात्री चारदा लघवीला उठावे लागते, उकिडवे बसता येत नाही, आणि शाळेच्या आवारातला संडास दूर आणि खाली. एवढ्यासाठी दोन माणसे दरडीखाली झोपली होती. वृद्धांची काळजी घेणाऱ्या प्रत्येकाला मी विनंती करीन की ‘हट्टी’ हा शब्द निदान म्हणून स्वीकारू नका. प्रवासाला नको म्हणणारे, लग्नाला न येणारे, पाणी कमी पिणारे वडील बहुधा लघवीचा हिशोब करत असतात. प्रोस्टेटसाठी औषधे आहेत, पाय सुजत असतील तर संध्याकाळी थोडा वेळ ते वर उचलून ठेवल्याने रात्रीचे उठणे कमी होते, लघवीची गोळी सकाळी घ्यायची की रात्री यानेही फरक पडतो. पण हे सगळे करायचे तर आधी त्यांनी ते सांगायला हवे, आणि चारचौघांत ते सांगत नाहीत.

गुडघ्यांविषयी मी त्या घरात जे बोललो ते इथे थोडे विस्ताराने सांगतो. १९६६ साली अमेरिकेतल्या डॅलस शहरात विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे सलग अंथरुणावर झोपवून ठेवले होते. त्यानंतर त्यांची श्रम करण्याची कमाल क्षमता चतुर्थांशाहून अधिक घसरली. तीस वर्षांनी, पन्नाशीत, हेच पाच जण पुन्हा तपासले गेले. तीस वर्षांच्या वयाने त्यांची जेवढी क्षमता हिरावली होती त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने हिरावली होती! आणि पन्नाशीत सहा महिने हळूहळू वाढवत नेलेल्या व्यायामाने वयाने गेलेला भाग बहुतांशी परत आला. विशीतल्या तरुणाची तीन आठवड्यांत ही गत होते, तर ऐंशीच्या माणसाने दोन वर्षे बाजेवर काढली की काय होईल? ‘आराम करा’ हे आपल्याकडे प्रेमाचे वाक्य आहे. गुडघ्याच्या झिजेत ते बहुतेक वेळा अपकारक ठरते, कारण सांध्याला सांभाळणारा मांडीचा स्नायूच त्याने वाळतो.

उलट टोकाचे उदाहरण फ्रान्सच्या रोबेर मार्शां यांचे. सत्तरीला टेकल्यावर त्यांनी सायकल पुन्हा मनावर घेतली. शंभरी ओलांडल्यावर शास्त्रज्ञांनी त्यांच्या सरावाला वळण लावले आणि १०१ ते १०३ या वयात त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता सुमारे १३ टक्क्यांनी वाढली. जानेवारी २०१७ मध्ये, १०५ व्या वर्षी, त्यांनी एका तासात साडेबावीस किलोमीटर अंतर कापले. अशी माणसे विरळा, हे मान्य. पण त्या वयातही स्नायू आणि हृदय सांगितलेले ऐकतात, एवढे त्यांच्यामुळे कळले.

बाबांना सायकलवर बसवायचा प्रश्नच नव्हता. मी त्यांना बाजेवरून उठून उभे राहायला सांगितले. पहिल्यांदा जमले नाही. शिक्षकमित्राने समोर उभे राहून हात दिले तेव्हा उठले, थरथरले, बसले. एकूण तीनदा. जागतिक पातळीवर वापरली जाणारी एक साधी चाचणी आहे: हात छातीशी दुमडून तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येते. सत्तरी ते चौऱ्याहत्तर वयाच्या पुरुषाला बारापेक्षा आणि स्त्रीला दहापेक्षा कमी जमले तर पडण्याचा धोका वाढलेला समजतात. घरी करून पाहायची असेल तर खुर्ची भिंतीला टेकवा आणि शेजारी कुणी उभे असू द्या. पण आकडा नंतरचा. बाबांसाठी लिहून दिले ते इतकेच: सकाळी, दुपारी, संध्याकाळी, जेवणाआधी, आधार घेऊन पाच वेळा उठायचे-बसायचे. आठवड्याने सहा वेळा. सून म्हणाली, “त्यांना दुखंल.” थोडे दुखेल. रात्रभर टिकणारे किंवा सूज आणणारे दुखले तर कमी करायचे. सुनेला मी हेही सांगितले की पाण्याचा तांब्या बाजेपाशी ठेवू नका, दाराशी ठेवा.

आम्ही पाच जण ३०० किलोमीटरची तयारी करत होतो. त्या ओसरीवर मला जाणवले की बाबांचीही एक ब्रेवे आहे, वाडीपासून शाळेपर्यंतची, बहुधा अंधारात, पावसात, आणि तिचीही मुदत आहे. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांची ती कदाचित न्हाणीघरापासून बिछान्यापर्यंत असेल, किंवा लिफ्ट बंद पडल्यावर तिसऱ्या मजल्यावरून खाली.

चहा घेऊन मुख्य रस्त्यावर आलो तेव्हा आठ वाजून गेले होते. इथून वरंध घाट चढू लागतो. घाटात वाघजाई देवीचे मंदिर आहे आणि तिथल्या टपऱ्यांतली गरम भजी प्रसिद्ध आहेत. भजी हे आमच्या सरावाचे उघड गुपित. चढावर एकमेकांच्या आडोशाचा फायदा उरत नाही, वेगच तेवढा नसतो. ज्याने त्याने आपल्या गतीने जायचे, एवढेच की सर्वांत मंद असलेल्याच्या मागे कुणीतरी असायला हवे. त्या दिवशी साहेबांच्या मागे मी होतो. ते औषधविक्रेत्याला १९८० च्या दशकातल्या बँकेतल्या कसल्याशा गमती सांगत होते. एका वळणावर गोष्ट मध्येच थांबली. मला वाटले, दम घेत असतील. पुढच्या वळणापर्यंत ती सुरू झाली नाही. मी विचारले, “साहेब, मग त्या तिजोरीच्या किल्लीचे काय झाले?” ते म्हणाले, “सांगतो.” बस्स, एकच शब्द.

मी थांबायला सांगितले. “काही नाही हो, जबडा जरा ओढल्यासारखा वाटतोय. थंडीने असेल.” हृदयाचे दुखणे छातीतच येते असे नाही, जबड्यात, गळ्यात, डाव्या किंवा दोन्ही हातांत, दोन खांद्यांच्या मध्ये, कधी नुसते अपचनासारखे येते. मधुमेहींत आणि स्त्रियांत तर ते अधिकच फसवे असते. साहेबांना कठड्याला टेकवून बसवले, गोळी जिभेखाली ठेवली. ही गोळी नेहमी बसून घ्यावी. तिने रक्तदाब उतरतो आणि उभा माणूस कोसळू शकतो. चार मिनिटांत ओढ गेली. पाच मिनिटांत गेली नसती तर वाट न पाहता रुग्णालयाकडे निघायचे असते, आणि जिथे फोन लागतो तिथून १०८ ला कळवायचे. घाटात फोन लागत नाही. मागे गाडी होती ती यासाठीच.

बरे वाटू लागताच साहेब म्हणाले, “आता एकदम ठीक आहे. भज्यांपर्यंत तर जाऊ या.” त्यांच्या चेहऱ्यावर जी विनवणी होती ती मी बाबांच्या चेहऱ्यावर तासाभरापूर्वीच पाहिली होती, फक्त उलट्या दिशेची. एकाला हलायचे नव्हते, दुसऱ्याला थांबायचे नव्हते, आणि दोघांनीही खरे कारण दडवून ठेवले होते. गाडीत बसल्यावर साहेबांनी सांगितले की आठवडाभर जिना चढताना असेच होत होते. सांगितले असते तर ब्रेवे गेली असती, म्हणून बोलले नाहीत.

सायकल टपावर बांधून आम्ही खाली आलो. त्याच दिवशी तज्ज्ञांकडे तपासण्या झाल्या. झटका आलेला नव्हता. पण दुसऱ्या एका रक्तवाहिनीतला अडथळा वाढलेला निघाला आणि पुढच्या आठवड्यात तिथे स्टेंट बसला. तीन महिन्यांपूर्वीची तपासणी चांगली होती, मग हे कसे, असे वहिनींनी विचारले. पट्ट्यावरची तपासणी त्या दिवसाचे, त्या श्रमांपुरते उत्तर देते. तिच्यात निसटून जाणारे अडथळे असतात, काही नंतर वाढतात. त्यातून पहाटेची थंडी रक्तवाहिन्या आकसून धरते, वर घाटाचा चढ. म्हणून चांगला अहवाल हातात असला तरी नव्याने आलेले लक्षण त्याच दिवशी सांगायचे असते. वहिनींचा पुढचा प्रश्न अवघड होता: “सायकल नसती चालवली तर हे झालेच नसते ना?” अडथळा सायकलने झालेला नव्हता, सायकलने तो दिसला. घरी बसून राहिले असते तर तो कदाचित अशा वेळी दिसला असता जेव्हा मागे कुणीच नसते. त्यांना हे पटले की नाही, सांगता येत नाही. त्यांनी चहा दिला, एवढे खरे.

३०० ची ब्रेवे आम्ही चौघांनी मुदतीत पुरी केली. तिच्याबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. रात्रीची झोप, सुन्न पडलेले तळहात आणि एक पंक्चर. साहेब सध्या हृदयरुग्णांसाठीच्या पुनर्वसनाच्या व्यायामक्रमात आहेत. सकाळी, ऊन वर आल्यावर, चवदार तळ्याभोवती चालतात. २०० ची कधी, असे त्यांनी मला दोनदा विचारले आहे. तज्ज्ञांचे सहा महिन्यांनंतरचे मत आल्याशिवाय मी उत्तर देणार नाही, हे त्यांना माहीत आहे.

वाडीतल्या बाबांकडे मी महिन्याने गेलो. आधार न घेता दोनदा उठले, आधाराने नऊ वेळा. प्रोस्टेटच्या गोळीने रात्रीचे चारदा दोनदावर आले आहे. औषधविक्रेत्याने भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची आणि खाली ठेवायचे भांडे पाठवून दिले, पडद्यासाठी आजींनी जुने लुगडे काढून ठेवले. शाळेतली एक कोपऱ्याची खोली पावसाळ्यात वृद्धांसाठी मोकळी ठेवावी, असे सरपंचांशी बोलणे झाले आहे. खुर्ची अजून वाडीतच आहे. पाऊस सुरू होण्याआधी ती शाळेत नेऊन ठेवायची आहे, आणि त्यासाठी साहेबांनी आपली गाडी देऊ केली आहे.